नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस
नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस (२९ ऑक्टोबर १८५९ – १९३६) हे भूचुंबकत्वाचे अभ्यासक व मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होते. मुंबईतील पारशी समाजात जन्मलेल्या मूस यांनी एडिंबरा विद्यापीठात विज्ञानाचे शिक्षण घेतले. १८९६ मध्ये चार्ल्स चेंबर्स यांच्या पश्चात ते संचालक झाले आणि १९१९ पर्यंत त्या पदावर राहिले.

कुलाब्याला चुंबकीय वेधांची जुनी परंपरा होती. मूस यांच्या जन्माच्या आठ आठवडे आधी, २ सप्टेंबर १८५९ रोजी, आलेल्या तीव्र चुंबकीय वादळात येथील निरीक्षकांनी डोळ्यांनी घेतलेल्या वाचनांत क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने उतरला होता. ३१ ऑक्टोबर १९०३ चे मोठे वादळ मूस यांच्या कारकिर्दीत नोंदले गेले.

मात्र मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार हे ठरताच ही परंपरा धोक्यात आली. रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह चुंबकसूचीला हलवतो व वेध निरुपयोगी ठरतात. मूस यांनी अलिबागची जागा निवडली. तेथील इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड वापरण्यात आला. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा व अलिबाग येथे एकाच वेळी वेध घेतल्यामुळे दोन्ही ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी जोडता आल्या आणि मालिका तुटली नाही. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली.

१८४६ ते १९०५ या काळातील वेधांचे त्यांनी केलेले विवेचन १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले. अनेक वादळांची सरासरी काढून त्यांनी दोन परिणाम वेगळे केले. एक वादळ सुरू झाल्यापासूनच्या तासांनुसार बदलतो: आरंभी अल्प वाढ, मग मोठी घट, नंतर सावकाश पूर्वस्थिती. दुसरा स्थानिक वेळेवर अवलंबून असतो. पुढे सिडनी चॅपमन यांनी हीच पद्धत विस्तारली. पहिल्या परिणामातील मोठी घट आज मुख्यतः पृथ्वीपासून हजारो किलोमीटरवर वाहणाऱ्या वलयप्रवाहाशी जोडली जाते. दुसऱ्यात सुमारे १०० किलोमीटर उंचीवरील आयनांबरातील विद्युतप्रवाहांचा मोठा वाटा असतो. आयनांबराचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध झाले ते १९२४ मध्ये. मूस यांचे काम केवळ जमिनीवरील आकड्यांच्या आधारे झालेले होते, हे विशेष.

१८५९ ची कुलाब्यातील विलक्षण घट वलयप्रवाहामुळे झाली की वरच्या वातावरणातील प्रवाहांमुळे, याबाबत संशोधकांत अद्याप मतभेद आहेत. अलिबागची वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत असून तेथे वेध घेणे सुरू आहे.