कापडी बाळंतीण

आमच्या डायनिंग टेबलावर गेले आठ महिने एक काळा खोका ठाण मांडून बसला आहे. पाहुणे आले की तो उचलून कपाटावर ठेवायचा, पाहुणे गेले की परत टेबलावर. माझी बायको सर्जरीची रेसिडेंट आहे आणि हा तिचा सरावाचा खोका. त्याला वरून दोन भोकं, आत कॅमेरा. भोकांतून लांब दांड्यांचे दोन चिमटे आत घालायचे आणि स्क्रीनकडे बघत रबराचे सहा छोटे ठोकळे एकेक करून खुंटीवरून उचलायचे, हवेतल्या हवेत दुसऱ्या चिमट्यात द्यायचे, पलीकडच्या खुंटीवर बसवायचे. मग उलट प्रवास. ठोकळा हातचा निसटला की ती चिडते, आणि स्टॉपवॉच धरून बसलेला मी गप्प राहतो. अमेरिकेत २००९-१० पासून रेसिडेन्सी संपवणाऱ्या जनरल सर्जनना ही दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची परीक्षा सक्तीची झाली. त्यात लेखी भाग असतोच, पण हाताचीही परीक्षा असते, घड्याळ लावून.

आम्हा आयटीवाल्यांना यात काही नवल वाटू नये. नवीन मुलाला आपण थेट प्रॉडक्शन सर्व्हरवर सोडतो का? त्याला टेस्ट सर्व्हर देतो. काय मोडायचं ते तिथं मोड म्हणतो. पण डॉक्टरी विद्येत मात्र शेकडो वर्षं नवशिक्याचा हात पहिल्यांदा चालायचा तो जिवंत माणसावर, आणि बहुतेक वेळा गरीब माणसावर. आपल्या सुश्रुतांना हे पटलेलं नव्हतं. सुश्रुतसंहितेत सरावावर एक आख्खा अध्याय आहे. कापायला शिकायचं ते भोपळा, कलिंगड, काकडीवर. टाके घालायचे जाड कापडावर आणि मऊ कातड्यावर. पट्ट्या बांधायला कापडाचा माणूस. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण हीच कल्पना घेऊन गावोगाव फिरलेली, हजारो हात तयार करणारी आणि त्यांची परीक्षा घेणारी बाई मला सापडली ती फ्रान्समध्ये, अठराव्या शतकात. फ्रान्समध्ये ती प्रसिद्ध आहे, आपल्याकडे तिचं नाव क्वचितच कानावर येतं, म्हणून हा लेख.

नाव लांबलचक आहे. आंजेलिक मार्गरित ल बूर्सिए द्यु कुद्रे. आपण मादाम द्यु कुद्रे म्हणू. जन्म साधारण १७१२ चा. तीन वर्षं एका अनुभवी सुईणीच्या हाताखाली काढून, सर्जनांसमोर परीक्षा देऊन १७४० मध्ये ती पॅरिसची अधिकृत सुईण झाली. धंदा चांगला चालत होता. मग १७४३ मध्ये राजाच्या हुकमानं सर्जन लोक न्हाव्यांपासून वेगळे झाले. (हो, तोवर दोघांची एकच जमात होती, एकाच वस्तऱ्यावर!) सर्जनांचा भाव वधारला आणि सुइणींना शिकवण्यातून त्यांनी अंग काढून घेतलं. परवाना हवा तर शिक्षण हवं, आणि शिक्षण द्यायला कुणी तयार नाही. पॅरिसच्या सुइणींनी १७४५ मध्ये विद्यापीठाकडे अर्ज केला की आम्हाला शिकवा. त्या अर्जावर सही करणाऱ्यांत ही होती.

१७५० नंतर लवकरच तिनं पॅरिस सोडलं आणि ओव्हेर्न या डोंगराळ, गरीब प्रांतात गेली. जमलेलं बस्तान सोडून चाळिशीत खेड्यात जायचं, हे आपल्याला सहज कळणार नाही. आपला प्रवास उलट दिशेचा असतो. तिथं तिनं काय पाहिलं? बाळ आडवं आलं, पाय आधी आले, की काय करायचं ते गावातल्या बायकांना माहीत नसायचं. घाईनं ओढाताण व्हायची, आणि आई वाचली तरी जन्माची अधू व्हायची.

तिनं शिकवायला सुरुवात केली आणि पहिल्याच पायरीवर अडली. समोरच्या बायकांना अक्षरओळख नाही. पुस्तक काय कामाचं? तोंडी सांगितलं तर माना डोलावतात, पण पोटाच्या आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे शब्दांना धरायला काही जागाच नाही. शिकवायचं होतं ते हातांना. म्हणून तिनं सुई-दोरा घेतला आणि एक बाळंतीण शिवली.

या वस्तूला ती यंत्र म्हणत असे. बाईच्या कमरेपासून मांड्यांपर्यंतचा भाग, खऱ्या मापाचा, कापड आणि चामड्याचा, आत भरण घातलेला. जन्ममार्ग ताणला जातो, सैल पडतो, ते दाखवायला आत दोऱ्या आणि पट्टे. सोबत पूर्ण दिवसांचं कापडी बाळ, जुळी बाळं, सातव्या महिन्याचा गर्भ. सगळ्या भागांना नावांच्या चिठ्ठ्या शिवलेल्या.

मला सगळ्यात थक्क केलं ते बाळाच्या तोंडानं. बाहुलीला तोंड कशाला लागतं? पण इथं ते उघडं आहे, आत जीभ आहे आणि बोट चांगलं पाचेक सेंटिमीटर आत जातं. कारण बाळ पायाळू असेल आणि डोकं मागे अडकलं तर दाई तोंडात बोट घालून हनुवटी छातीशी टेकवते, म्हणजे डोकं कमी जागेतून निघतं. हे अंधारात, चाचपून करायचं असतं. ते बोटाला आधीच ठाऊक असावं म्हणून तिनं त्या बाळाला तोंड शिवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर तिनं नेमके ‘एज केसेस’ उचलले होते. सरळ होणारं बाळंतपण कुणीही करेल, शिकायचं ते बिघडलेलं.

बाळंतपण शिकवायची मॉडेल्स तिच्या आधीही होती. पॅरिसमध्ये होती, लंडनमध्ये विल्यम स्मेली चामड्याच्या मॉडेलवर शिकवत होता. पण ती शहरात, फी भरून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. हिनं ते गाडीत घालून खेड्यातल्या बाईपुढे नेलं.

पॅरिसच्या सर्जरीच्या अकादमीनं १७५८ मध्ये यंत्राला मान्यता दिली. १७५९ मध्ये तिचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी पंधराव्या लुईनं तिला राज्यभर शिकवण्याचा अधिकार दिला. राजाला एकदम गोरगरिबांचा कळवळा आला असं समजू नका. फ्रान्सची लोकसंख्या घटतेय अशी तेव्हा सगळ्यांची समजूत होती, सात वर्षांचं युद्ध चालू होतं, आणि सैनिक काय, कर भरणारा शेतकरी काय, आधी जिवंत जन्माला यायला हवा! बाईनं हे बरोबर ओळखलं. राजाच्या माणसांशी ती याच हिशेबाच्या भाषेत बोलली आणि आपलं काम करून घेतलं. १७६७ मध्ये तिला वर्षाला आठ हजार लिव्र मंजूर झाले, निवृत्तीनंतर तीन हजार. एका बाईला, त्या काळात, सरकारी प्रोजेक्ट आणि पेन्शन!

मग वीस-बावीस वर्षं ही बाई रस्त्यावर. एका शहरातून दुसऱ्या शहरात, खडखडत, कापडी बाळंतिणीला बरोबर घेऊन. तिथला राजाचा प्रांताधिकारी जागा आणि खर्च बघायचा, पाद्री आपापल्या गावातून बायका निवडून पाठवायचे. कोर्स साधारण दोन महिन्यांचा. प्रत्येकीनं यंत्रावर स्वतः हात घालायचा, हाताला वळण लागेपर्यंत. शेवटी परीक्षा, आणि पास झाली तर दाखला. यंत्राची किंमत तीनशे लिव्र. ती गेल्यावरही वर्ग चालू राहावेत म्हणून प्रांतांनी यंत्रं विकत घ्यावीत असा तिचा आग्रह असे. चाळीसहून अधिक शहरं-गावं तिनं केली. तिच्या हाताखालून अंदाजे चार हजार बायका शिकून गेल्या, त्यांच्याकडून आणखी सहा हजार. शिवाय पाचशे पुरुष डॉक्टर आणि सर्जन. ज्यांच्या व्यवसायबंधूंनी सुइणींना शिकवायला नकार दिला होता, ते आता सुईणीच्या कापडी पोटात हात घालून शिकत होते!

पुढे १७६९ मध्ये तिनं पुस्तकाची नवी आवृत्ती काढली, रंगीत चित्रांची. चित्रं न वाचता समजतात, हे त्यामागचं कारण असावं.

दोन गोष्टी मात्र मला खटकतात. एक, जुन्या गावठी सुइणींबद्दल ती फार कडवटपणे लिहिते. माझ्या आजीची सगळी बाळंतपणं गावच्या सुईणीनं केली. तिलाही वाचता येत नव्हतं, पण आजी तिला शेवटपर्यंत साडी पाठवत असे. न शिकलेली प्रत्येक बाई अडाणीच, हे मला पटत नाही. दुसरी गोष्ट अशी की ती पुढच्या गावाला निघाली की मागे राहिलेलं यंत्र बहुतेक ठिकाणी पुरुष सर्जनाच्या ताब्यात जायचं. म्हणजे विद्या बायकांना मिळाली, पण कपाटाची किल्ली बाप्यांच्या कनवटीला. तिनं हा सौदा डोळे उघडे ठेवून केला असणार. त्याशिवाय दार उघडलंच नसतं.

१७८३ च्या सुमारास तिनं फिरणं थांबवलं. काम आपल्या भाचीच्या, मादाम कुतांसोच्या, हाती दिलं. या भाचीनं बोर्दो शहरात सुइणींचं शिक्षण पुढे चालवलं. मग १७८९ ची क्रांती झाली. ज्या राजघराण्याची सनद मिरवत ती आयुष्यभर फिरली, त्या घराण्याशी संबंध असणंच जिवावर बेतायला लागलं. १७९४ च्या एप्रिलमध्ये, गिलोटिनचं राज्य चालू असताना, बोर्दोमध्ये ती वारली, ऐंशीच्या घरात.

तिनं केलेल्या यंत्रांपैकी एकच शिल्लक आहे. पॅरिसला क्लायंटकडे काम होतं तेव्हा एका शनिवारी सां-लाझार स्टेशनावरून गाडी पकडून मी रुआंला गेलो. तिथल्या जुन्या हॉस्पिटलमध्ये कादंबरीकार फ्लोबेरचं जन्मस्थान आणि वैद्यकाच्या इतिहासाचं म्युझियम एकत्र आहे. काचेच्या कपाटात ती बाळंतीण आहे. रंग उडालेलं कापड, बारीक टाके, बाळाच्या डोक्यावर शाईनं काढलेले केस. कानसुद्धा शिवलेले. लांबून एखादी जुनी उशी वाटावी. पण या यंत्राचा एक्स-रे काढला तेव्हा त्या कापडाच्या आत खऱ्या माणसाच्या कमरेची हाडं निघाली.