ठिपक्यांतून रासायनिक बंध उलगडणारे शास्त्रज्ञ : गिल्बर्ट लुईस

रासायनिक बंधाचा पाठ शिकताना तुम्ही मूलद्रव्याच्या संज्ञेभोवती ठिपके काढता. हायड्रोजनभोवती एक, ऑक्सिजनभोवती सहा. ही पद्धत कुणी रूढ केली, ठाऊक आहे का? गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी. आज त्यांची ओळख करून घेऊ, म्हणजे संयुगातले अणू एकमेकांना धरून कसे राहतात हेही समजेल.

लुईस यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८७५ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. बालपण नेब्रास्कात गेलं आणि सुरुवातीचं शिक्षण घरीच झालं. पुढे हार्वर्ड विद्यापीठातून १८९९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. नंतर जर्मनीत ओस्टवाल्ड आणि नर्न्स्ट या नामवंत रसायनशास्त्रज्ञांकडे त्यांनी काम केलं.

त्या काळी एक मोठं कोडं होतं. मीठ घ्या. सोडिअमच्या बाह्यतम कवचात एक इलेक्ट्रॉन असतो, क्लोरीनच्या सात. सोडिअम आपला एक देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो. एक धन आयन झाला, दुसरा ऋण. विरुद्ध प्रभार एकमेकांना खेचतात, झाला आयनिक बंध. हे पटतं. पण हायड्रोजनच्या रेणूत दोन्ही अणू अगदी सारखेच! मग कोण देणार आणि कोण घेणार? मिथेन, साखर यांसारख्या संयुगांत तर आयन दिसतच नाहीत. त्यांचे अणू कशाने जोडलेले असतात?

१९०२ च्या सुमारास विद्यार्थ्यांना शिकवतानाच लुईस यांच्या मनात एक चित्र तयार झालं. अणू म्हणजे जणू एक घन आणि त्याच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन. आठही कोपरे भरले की अणू स्थिर. निऑन, अरगॉन हे राजवायू सहसा कुणाशी संयोग पावत नाहीत, कारण त्यांचे आठ पूर्ण असतात. ही कल्पना अनेक वर्षं त्यांच्या टिपणांतच राहिली.

१९१२ मध्ये ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख झाले, आणि १९१६ मध्ये त्यांनी तो गाजलेला शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातला मुख्य विचार अगदी साधा आहे बघा. इलेक्ट्रॉन देऊनच टाकायला हवा असं नाही, तो दोघांत मिळून वापरता येतो. हायड्रोजनचे दोन अणू एकेक इलेक्ट्रॉन पुढे करतात आणि ती जोडी दोघांचीही होते. प्रत्येकाचं द्विक पूर्ण! पाण्यात ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन कमी पडतात, म्हणून तो दोन हायड्रोजनबरोबर दोन जोड्या करतो. याच बंधाला आपण सहसंयुज बंध म्हणतो.

घनाचं चित्र मात्र पुढे अपुरं पडलं. दोन घन एका कडेने जोडले की एकेरी बंध दाखवता येतो, पृष्ठभागाने जोडले की दुहेरी. पण तिहेरी बंध काही केल्या जमेना. तेव्हा लुईस यांनी आपलाच आवडता घन बाजूला ठेवला आणि चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉनच्या चार जोड्या मांडल्या. मित्रांनो, हे लक्षात ठेवा, चित्र समजण्यासाठी असतं, त्यात अडकून पडायचं नसतं.

१९१९ पासून आयर्विंग लँगम्यूर यांनी हा सिद्धान्त व्याख्यानांतून आणि लेखांतून जगभर पोहोचवला. सहसंयुज बंधासाठीचा इंग्रजी शब्दही त्यांचाच. साहजिकच लोक श्रेय लँगम्यूर यांना देऊ लागले आणि लुईस दुखावले गेले. लँगम्यूर यांना १९३२ मध्ये नोबेल मिळालं, पण ते पृष्ठभाग रसायनशास्त्रातल्या वेगळ्या कामासाठी, बरं का. लुईस यांचं नाव चाळीसहून अधिक वेळा सुचवलं गेलं, पण नोबेल त्यांना कधीच मिळालं नाही.

म्हणून त्यांचं काम थांबलं का? नाही. १९२३ मध्ये त्यांनी आम्ल आणि आम्लारीची नवी व्याख्या दिली : इलेक्ट्रॉनची जोडी स्वीकारतं ते आम्ल, देतं ते आम्लारी. १९३३ मध्ये त्यांनी जवळपास शुद्ध जड पाणी वेगळं केलं. बर्कलीत त्यांच्या विभागात घडलेल्या युरी, जिओक, सीबॉर्ग यांना पुढे नोबेल मिळालं. २३ मार्च १९४६ रोजी प्रयोगशाळेत काम करत असतानाच त्यांचं निधन झालं.

पुस्तकात दोन अणूंमध्ये एक रेघ काढलेली असते. ती पाहून अणू काडीने जोडलेत असं अनेकांना वाटतं आणि मग सूत्रं नुसती पाठ केली जातात. तसं करू नका. रेघ म्हणजे दोघांच्या मालकीचे दोन इलेक्ट्रॉन. एवढं समजलं की पुष्कळशी सूत्रं तुमची तुम्हाला काढता येतील.

आता वही घ्या. नायट्रोजनच्या बाह्यतम कवचात पाच इलेक्ट्रॉन आहेत. अष्टक पूर्ण करायला किती हवेत? मग नायट्रोजनच्या रेणूत दोन अणूंमध्ये किती जोड्या येतील? ठिपके काढून बघा. लुईस यांचा घन जिथे अडला होता, नेमका तोच बंध तुमच्या वहीत उतरेल.