इंग्रजांकडे बंदूक मागणारे डॉ. मुंजे आपल्याच माणसांत एकटे का पडले?

नाशिकमध्ये रिक्षात बसून नुसतं भोसला म्हटलं, तरी रिक्षावाला पुढचा पत्ता विचारत नाही. भोसला मिलिटरी स्कूल सगळ्यांना माहिती आहे. रामभूमी नावाचं मोठं आवार, घोडे, कवायत, नेमबाजी आणि युनिफॉर्ममधली पोरं.

पण या शाळेला नाव नागपूरच्या भोसले घराण्याचं आणि शाळा मात्र नाशिकमध्ये. त्यात ती काढली कुणी, तर एका डोळ्यांच्या डॉक्टरने. त्यांचं नाव डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे.

हिंदुस्थानातल्या माणसाच्या हातात बंदूक आली पाहिजे, हा ध्यास या डॉक्टरने आयुष्यभर धरला. इंग्रज सरकार तर त्यांच्या विरोधात होतंच. पण याच ध्यासापायी ते आधी काँग्रेसमधून बाहेर पडले आणि नंतर हिंदुत्ववादी राजकारणातही त्यांची वाट वेगळी होत गेली.

हे सगळं नक्की कसं घडलं?

बंदुकीवर बंदी कधी आली?

त्यासाठी १८७८ सालात जावं लागतं. तेव्हा लॉर्ड लिटन व्हाइसरॉय होता. १८५७ चा उठाव होऊन २० वर्षं उलटली होती, पण इंग्रजांच्या मनातली धास्ती गेली नव्हती. लिटनने एकाच वर्षी दोन कायदे आणले. एकाने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बंद केलं आणि दुसऱ्याने लोकांच्या हातातली शस्त्रं काढून घेतली.

हा दुसरा कायदा म्हणजे आर्म्स ॲक्ट. हिंदी माणसाला बंदूक ठेवायची तर सरकारी परवाना लागणार. युरोपियन माणसाला मात्र त्यातून सूट होती.

हा भेदभाव लोकांना झोंबला. काँग्रेसने अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. पुढे गांधीजींनीही हा कायदा इंग्रजांच्या सगळ्यात काळ्या कृत्यांपैकी एक मानला. १९३० मध्ये त्यांनी व्हाइसरॉय आयर्विनसमोर ज्या ११ मागण्या ठेवल्या, त्यात स्वसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळावा, हीसुद्धा एक मागणी होती.

म्हणजे कायदा वाईट आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण बंदूक मिळाली तर तिचं करायचं काय, यावर नव्हतं.

नाशिकने पाहिलेला एक रस्ता

या प्रश्नाचं एक उत्तर नाशिकच्याच विजयानंद थिएटरमध्ये मिळालं होतं. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे या तरुणाने कलेक्टर जॅक्सनला तिथे गोळ्या घातल्या. वापरलेलं ब्राऊनिंग पिस्तूल विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून चोरून पाठवलेल्या पिस्तुलांपैकी होतं. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

चोरून आणलेली पिस्तुलं आणि फासावर गेलेली कोवळी पोरं, हा एक रस्ता. मुंजेंनी पुढे धरला तो अगदी दुसरा. त्यांना बंदूक उघडपणे, कायद्याने आणि सरकारकडूनच मिळवायची होती.

डोळ्यांचा डॉक्टर युद्धावर

मुंजेंचा जन्म १२ डिसेंबर १८७२ चा, बिलासपूरचा. कॉलेजचं शिक्षण नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात झालं. मग मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८९८ मध्ये ते डॉक्टर झाले. लगेचच दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं आणि हा तरुण डॉक्टर वैद्यकीय पथकातून थेट तिकडे गेला. आधुनिक लष्कर चालतं कसं, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं.

परत आल्यावर नागपुरात डोळ्यांचे डॉक्टर म्हणून त्यांचं चांगलं नाव झालं. डोळ्यांच्या उपचारांवर त्यांनी संस्कृतमध्ये ग्रंथही लिहिला. घर ब्राह्मणाचं, पण त्यांना शिकारीचा नाद होता आणि मांसाहाराचं वावडं नव्हतं. अहिंसेने समाज दुबळा होतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

राजकारणात ते लोकमान्य टिळकांच्या जहाल गटात होते. नागपुरातला केशव हेडगेवार नावाचा एक तरुण त्यांच्या खास विश्वासातला. १९१० मध्ये हेडगेवार डॉक्टरकी शिकायला कोलकात्याला गेले, त्यामागे मुंजेंचीच मदत होती. पुढे १९२५ मध्ये याच हेडगेवारांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ काढला.

पहिली फारकत: काँग्रेस

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. त्या वर्षीचं काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात व्हायचं होतं. गांधींचा प्रभाव वाढत होता आणि टिळकांच्या माणसांना आपला नेता हवा होता. मुंजे आणि हेडगेवार पाँडिचेरीला जाऊन अरविंद घोषांना भेटले आणि अध्यक्ष व्हा म्हणून गळ घातली. अरविंदांनी नकार दिला. नागपुरात असहकाराचा ठराव पास झाला आणि काँग्रेस गांधींची झाली.

मुंजेंना खिलाफतीला दिलेला पाठिंबा पटला नाही आणि अहिंसा तर अजिबातच पटली नाही. १९२१ मध्ये मलबारात मोपल्यांचा उठाव झाला. मुंजे तिथे गेले आणि परतून त्यांनी अहवाल लिहिला. जातींत फुटलेला आणि शस्त्र विसरलेला हिंदू समाज मार खातो, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष होता.

इथे त्यांच्या मागणीचा रंग बदलला. आर्म्स ॲक्टविरुद्धची जुनी तक्रार होती हिंदी माणूस विरुद्ध इंग्रज अशी. मुंजेंच्या तोंडी ती हळूहळू हिंदूंच्या लष्करी तयारीची मागणी झाली. १९२३ मध्ये नागपुरात मशिदीसमोर वाद्यं वाजवण्यावरून तंटा पेटला, तेव्हा हिंदूंच्या बाजूने पुढे मुंजेच होते. समोरच्या मुस्लिम समाजाला या तयारीचा अर्थ काय वाटत असेल, हा प्रश्न त्यांच्या राजकारणात मागेच पडला.

१९२७ मध्ये ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. मध्यवर्ती कायदेमंडळात जाऊन शाळा-कॉलेजातल्या मुलांना कवायत आणि रायफल शिकवा, असा आग्रह त्यांनी धरला. नागपुरात त्यांनी रायफल असोसिएशनही काढली.

रोममधली संध्याकाळ

१९३० मध्ये लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. काँग्रेसने बहिष्कार टाकला, मुंजे मात्र गेले. लष्करात हिंदी अधिकारी वाढले पाहिजेत, हा मुद्दा त्यांनी तिथे लावून धरला. येताना ते युरोपात फिरले आणि मार्च १९३१ मध्ये इटलीत पोहोचले.

तिथे त्यांनी मुसोलिनीच्या लष्करी शाळा पाहिल्या. लहान मुलांपासून तरुणांपर्यंत सगळ्यांना गणवेशात आणून कवायत करायला लावणारी बालिला ही संघटना पाहिली. १९ मार्चच्या संध्याकाळी पलाझ्झो व्हेनेझियात ते स्वतः मुसोलिनीला भेटले. या सगळ्याने ते भारावून गेले आणि आपल्या डायरीत त्यांनी ते तपशिलात लिहून ठेवलं. इटलीत विरोधी पक्ष तोवर संपवलेले होते. पण मुंजेंची नजर होती ती शिस्तीत चालणाऱ्या पोरांवर.

गंमत बघा, त्याच महिन्याच्या शेवटी कराचीत काँग्रेसचं अधिवेशन झालं. तिथल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क चक्क लिहिलेला होता. अहिंसेवर उभी असलेली काँग्रेस बंदुकीला नागरिकाचा हक्क म्हणत होती. बंदुकीचा आग्रह धरणारे मुंजे मात्र नागरिकाच्या हक्काऐवजी समाजाच्या शिस्तीबद्दल बोलत होते. एकट्यादुकट्याच्या घरातल्या बंदुकीत त्यांना फारसा रस नव्हता. त्यांना हवी होती पलटण.

दुसरी फारकत: आपलीच माणसं

१९३२ मध्ये मुंजेंनी दलित नेते एम. सी. राजा यांच्याशी करार केला. संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा, असं त्याचं सूत्र होतं. स्वतंत्र मतदारसंघ मागणाऱ्या डॉ. आंबेडकरांना तो मान्य नव्हता.

मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. महासभेत खळबळ उडाली. १९३६ मध्ये मुंजे थेट आंबेडकरांशी बोलणी करायला बसले. धर्म बदलायचाच तर शीख धर्म घ्या, आम्ही विरोध करणार नाही, असा तो तोडगा होता. यावर राजाच भडकले. जातीच्या प्रश्नाकडे हिशेबाने पाहणारा हा व्यवहार त्यांना मान्य नव्हता. गांधीजींनीही विरोध केला. तोडगा तिथेच बारगळला.

संघाशी संबंध जवळचे होते, पण ताण तिथेही होता. महासभेला संघाचे स्वयंसेवक राजकारणासाठी हवे होते आणि हेडगेवारांना संघ पक्षाच्या राजकारणाबाहेर ठेवायचा होता. शिष्य आपल्या वाटेने गेला आणि गुरूला स्वतःची वेगळी संस्था काढावी लागली.

आणि नाशिकमध्ये शाळा उभी राहिली

१९३५ मध्ये त्यांनी सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पैशासाठी संस्थानिक आणि धनिकांचे उंबरे झिजवले. १२ जून १९३७ रोजी नाशिकमध्ये भोसला मिलिटरी स्कूल सुरू झालं. मुंजे तेव्हा ६४ वर्षांचे होते.

शाळेच्या योजनेत त्यांनी काही आडपडदा ठेवला नव्हता. युद्धात माणसं मारावी लागतात आणि त्यासाठी मुलांना तयार करायचं आहे, हे त्यांनी सरळ लिहिलं. ही योजना हिंदू मुलांसाठी होती, हेही नावातच होतं.

त्याच वर्षी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेतून सुटलेले सावरकर महासभेचे अध्यक्ष झाले. एकेकाळी लंडनहून चोरून पिस्तुलं पाठवणारे सावरकर दुसऱ्या महायुद्धात तरुणांना इंग्रजांच्या फौजेत भरती व्हायला सांगू लागले. म्हणजे मुंजेंचाच रस्ता. पण १९४२ मध्ये चले जाव आंदोलन पेटलं आणि भरतीच्या बाजूने उभी असलेली महासभा बहुसंख्य लोकांपासून तुटली. संघ फौजेपासूनही लांब राहिला आणि आंदोलनापासूनही. सरकारने १९४० मध्ये खासगी संघटनांच्या लष्करी कवायतीवर निर्बंध आणले. हेडगेवारांनंतर आलेल्या गोळवलकर गुरुजींनी संघातला लष्करी विभागच बंद केला.

१९४८ चा मार्च

३० जानेवारी १९४८ रोजी नथुराम गोडसेने गांधीजींचा खून केला. पिस्तूल इटालियन बनावटीचं बेरेटा होतं, ग्वाल्हेरहून बेकायदा मिळवलेलं. गोडसे महासभेचा कार्यकर्ता होता. खटल्यातल्या आरोपींत मुंजेंचं नाव नव्हतं. पण ज्या पक्षाला त्यांनी आयुष्य दिलं, तो पक्ष पुरता हादरला. फेब्रुवारीत संघावर बंदी आली आणि महासभेने राजकारण थांबवल्याचं जाहीर केलं. महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळत होती. मार्च महिन्यात मुंजे नाशिकमध्येच गेले. वय ७५.

बंदुकीचा प्रश्न त्यांच्यामागे राहिलाच. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये संविधान सभेत एच. व्ही. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला, अशी दुरुस्ती मांडली. कराची ठरावाची आठवणही निघाली. उत्तर द्यायला आंबेडकर उभे राहिले. परदेशी सरकारविरुद्धच्या मागणीला तेव्हा अर्थ होता, पण आता हा हक्क सरसकट दिला तर तो गुन्हेगारालाही मिळेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली.

आज संविधानात लोकांना एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण तो शांततेने आणि शस्त्रांशिवाय. कृपाण बाळगण्याचा शिखांचा अधिकार तेवढा धर्मस्वातंत्र्याच्या कलमात मान्य केलेला आहे. लिटनचा कायदा गेला आणि त्याच्या जागी १९५९ चा आर्म्स ॲक्ट आला. परवाना त्यातही लागतोच. गोरा-काळा भेद मात्र संपला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात.

म्हणजे नाशिक शहरात आज कुणाला बंदूक हवी असेल, तर पोलीस आयुक्तालयात अर्ज करावा लागतो. आपल्याला ती का हवी, ते सांगावं लागतं आणि आयुक्तालय नाही म्हणू शकतं. याच शहरात रामभूमीवर मुलं रायफल हातात घेतात, मास्तरांच्या नजरेखाली, रांगेत, आणि तास संपला की ती जमा करतात. मुंजेंनी मागितलं होतं त्यातलं एवढंच त्यांच्या नाशिकमध्ये उरलं.