भास्कराचार्य आणि न फिरलेले चाक

प्राचीन भारतीय पंडितांचे चरित्र लिहावयास बसले की पहिली अडचण काळाची येते. भास्कराचार्यांनी ती अडचण आपल्या चरित्रकारांसाठी ठेवलेली नाही. शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये आपला जन्म झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी आपण सिद्धान्तशिरोमणी रचला, ही नोंद त्यांनी स्वतःच ग्रंथात करून ठेवली. गोत्र शांडिल्य, वडील महेश्वर, तेच गुरू, आणि गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड, एवढेही ते सांगतात. हे विज्जडविड कोणते, यावर मात्र विद्वानांचे वाद झडत आले. कोणी बीडकडे बोट दाखविले, कोणी विजापूरकडे, तर कोणी चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत असलेल्या पाटणकडे. खानदेशाचा दावा नुसत्या अभिमानावर उभा नाही. त्याच्यामागे एक शिलालेख आहे आणि भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आज आपल्याला ठाऊक आहे ती त्याच दगडामुळे.

त्या वंशावळीत त्रिविक्रमापासून सुरुवात होते. त्याचा पुत्र भास्करभट्ट याला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. पुढे गोविंद, प्रभाकर, मनोरथ आणि महेश्वर अशा पिढ्या येतात. घरात पोथ्या होत्या, आकाशाकडे पाहण्याची सवय होती आणि हिशेब चुकला तर विचारणारे वडीलधारे होते. अशा घरात वाढलेल्या मुलाने विद्वान व्हावे यात नवल नाही. पण पूर्वसूरींचे पाठांतर करून न थांबता त्यांच्यातील उणिवा तो मुलगा निर्भीडपणे दाखवू लागला, हे मात्र विशेष म्हटले पाहिजे.

सन ११५० मध्ये पूर्ण झालेल्या सिद्धान्तशिरोमणीचे लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे चार भाग आहेत. त्यांतील गणिताची कीर्ती सर्वश्रुत आहे. एका वर्गसंख्येला ६१ ने गुणून त्यात एक मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्ग यावा, या प्रश्नाचे सर्वांत लहान उत्तर नऊ आणि दहा अंकी संख्यांचे आहे. भास्कराचार्यांनी ते चक्रवाल पद्धतीने काढून दाखविले. हाच प्रश्न फ्रान्समधील फर्माने १६५७ साली युरोपातील गणित्यांपुढे आव्हान म्हणून टाकला होता. ग्रहाची दिवसाची सरासरी गती आणि त्या क्षणाची तात्कालिक गती यांत त्यांनी केलेला भेदही अभ्यासक आदराने उल्लेखितात. या विषयांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. गोलाध्यायातील यंत्राध्यायाकडे मात्र सामान्य वाचक क्वचितच वळतो. वास्तविक भास्कराचार्यांच्या बुद्धीची ठेवण तेथे अधिक मोकळेपणाने दिसते.

यंत्राध्यायातील यंत्रे बहुतेक वेळ मोजण्याची आणि आकाश वेधण्याची आहेत. त्यांतले घटीयंत्र सर्वांना माहीत असलेले. तळाला छिद्र असलेले तांब्याचे वाटीसारखे पात्र पाण्यावर ठेवायचे, ते हळूहळू भरते आणि बुडते. बुडायला लागणारा वेळ ही एक घटिका, म्हणजे आपली २४ मिनिटे. जुन्या ग्रंथकारांनी पात्राचे वजन किती, छिद्र पाडणारी सोन्याची सुई केवढी, याची मापे देऊन ठेवली होती. भास्कराचार्यांनी या मापांचा आग्रह सोडला. पात्र कसेही घडवा, एका अहोरात्रात ते किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने अहोरात्राला भागा, म्हणजे त्या पात्राचे खरे मान मिळेल, असा त्यांचा मार्ग. कारागिराने सांगितलेल्या मापावर विश्वास न ठेवता वस्तू प्रत्यक्षात काय करते ते पाहणे, ही खरी यंत्रज्ञाची दृष्टी होय.

याच घटीयंत्राभोवती त्यांच्या नावावरची सर्वांत प्रसिद्ध दंतकथा गुंफली गेली. लीलावती ही त्यांची कन्या. तिचा विवाह एका ठराविक क्षणीच व्हावयास हवा होता. घटीपात्र पाण्यात सोडले. कुतूहलाने वाकून पाहणाऱ्या मुलीच्या वस्त्रातला मोती पात्रात पडला, छिद्र बुजले, पाणी चढेना आणि मुहूर्त टळून गेला. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथात ही कथा नाही. ती येते अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतरात. तेव्हा इतिहास म्हणून तिला किंमत नाही. पण यंत्राच्या बिघाडाचा नमुना म्हणून ती फार मार्मिक आहे. भांड्यात पाण्याला तोटा नव्हता. वाट अडली होती, आणि वेळीच कोणी छिद्राकडे पाहिले नाही.

यानंतर येतात स्वयंवह यंत्रे, म्हणजे आपोआप फिरत राहणारी चाके. ही कल्पना मूळची भास्कराचार्यांची नव्हे. ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकातच पाऱ्याच्या चाकाचे वर्णन केले होते. भास्कराचार्यांनी तिला नेटके रूप दिले. हलक्या लाकडाचे चाक, त्याला समान अंतरावर बसविलेले, सारख्याच बाकाचे आणि सारख्याच पोकळीचे आरे, प्रत्येक आऱ्यात निम्मा पारा आणि तोंडे घट्ट बंद. असे चाक दोन आधारांवर ठेवले की ते स्वतःच फिरत राहील, असा त्यांचा दावा. दुसऱ्या एका प्रकारात चाकाच्या कडेला खोबण पाडून, ताडपत्र आणि मेणाने ती बंद करून, आत एकीकडे पाणी आणि एकीकडे पारा भरायचा. तिसऱ्यात कुक्कुटनाडी, म्हणजे अंकुशासारखी वाकविलेली तांब्याची नळी. ती पाण्याने पूर्ण भरून, दोन्ही तोंडे बंद करून, एक टोक भांड्यातील पाण्यात आणि दुसरे बाहेर ठेवायचे. दोन्ही तोंडे एकदम उघडली की भांड्यातील पाणी बाहेर वाहू लागते. आज वक्रनलिका किंवा सायफन म्हणतात ती हीच. या धारेने चाकाच्या कडेची भांडी भरून चाक फिरवायचे.

वक्रनलिका चालते, हे कोणीही घरी करून पाहू शकेल. पाऱ्याचे चाक मात्र चालत नाही. एका बाजूचा पारा आसापासून दूर सरकतो आणि त्यामुळे चाक त्या बाजूला कलेल असे वाटते. परंतु त्याच वेळी दुसऱ्या बाजूला आसाजवळ का होईना, पाऱ्याचा साठा अधिक असतो. दोन्हींचा मेळ बसला की चाक डोलते आणि थांबते. हे स्पष्टपणे सांगण्यात भास्कराचार्यांचा अवमान नाही. आपल्या पोथ्यांत सारे काही आधीच होते असे मानणाऱ्यांना ते रुचणार नाही, इतकेच. हे चाक अरबांच्या मार्गे युरोपात पोहोचले असावे, असे काही इतिहासकारांचे मत आहे. तेराव्या शतकात फ्रान्समधील व्हिलार द होनकूर याच्या रेखाटनांच्या वहीत असे आपोआप फिरणारे चाक आढळते आणि तेथेही पाऱ्याचा उल्लेख आहे. पुढची कित्येक शतके युरोपातले हुशार लोक त्याच्या मागे लागले.

या प्रकरणात भास्कराचार्यांनी वापरलेला एक शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. लल्लादी आचार्यांची काही यंत्रे बाहेरच्या पाण्यावर अवलंबून होती. त्यांना भास्कराचार्य सापेक्ष म्हणतात आणि ग्राम्य ठरवितात. ज्याला बाहेरून काही लागते ते त्यांच्या मते कमी प्रतीचे. निसर्गाचा निवाडा नेमका उलट निघाला. १८२४ साली फ्रान्सच्या सादी कार्नोने उष्णतेवर चालणाऱ्या एंजिनांची मर्यादा दाखविली. त्याच विचाराच्या आधारे ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ मध्ये एक सूचना केली. एंजिनाची शक्ती उष्णता निर्माण करण्यात न घालवता बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणण्यासाठी वापरावी, म्हणजे इमारत कमी खर्चात उबदार होईल. तेच यंत्र उलटे चालवून इमारत थंडही करता येईल. उष्णतापंपाचा, ज्याला आज बाजारात हीट पंप म्हणतात, हा जन्म होय. एक युनिट वीज घेऊन तो तीन-चार युनिट उष्णता खोलीत आणतो. वरवर पाहता हे स्वयंवहच वाटावे. पण जास्तीची उष्णता बाहेरच्या हवेतून उचललेली असते आणि उचलण्याची मजुरी विजेने दिलेली असते. स्वयंवह यंत्राचे स्वप्न सोडल्यावर हाती आलेले हे यंत्र पूर्णपणे सापेक्ष आहे.

आणि गंमत अशी की त्याच्या पोटात भास्कराचार्यांच्या आऱ्यांसारखाच मोजून भरलेला, बंद नळ्यांतील द्रव असतो. हिवाळ्यात खोली गरम आणि उन्हाळ्यात थंड करणारा एसी हाच घरगुती हीट पंप. कॉम्प्रेसर वायू दाबतो. कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो. बारीक केशनलिकेतून जाताना त्याचा दाब उतरतो आणि इव्हॅपोरेटरमध्ये तो पुन्हा उष्णता घेऊन वायू होतो. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला आणि खोली थंड होईना, की पहिले निदान एकच ऐकू येते, गॅस कमी झाला. मग सिलिंडर येतो, गॅस भरला जातो, पैसे दिले जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

वास्तविक हा गॅस वाहनातल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. भास्कराचार्यांच्या आऱ्याचे तोंड बंद असेल तर पारा कुठे जाणार? गॅस कमी झाला याचा अर्थ तो गळला, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा गळणार. त्यातही गॅस खरोखर कमी आहे की मोती अडकला आहे, हे आधी ठरवावे लागते. केशनलिकेत कचरा किंवा ओलाव्याचा बर्फ अडकला तरी इव्हॅपोरेटरमध्ये दाब उतरतो आणि थंडावा घटतो. लक्षणे सारखीच. फरक कळतो तो कंडेन्सरच्या बाजूला. गळती असेल तर तेथे द्रव पुरेसा जमतच नाही आणि बाहेर पडणारा द्रव त्या दाबाच्या उकळबिंदूपेक्षा जेमतेमच थंड असतो. वाट अडली असेल तर द्रव तेथे तुंबतो आणि नेहमीपेक्षा जास्त थंड होऊन राहतो. केवळ एका दाबमापकावर भागत नाही, नळीचे तापमानही मोजावे लागते. त्याआधी जाळीवरची धूळ पाहणे तर घरच्या घरी जमते, कारण हवाच खेळली नाही तर पुरेपूर गॅस असूनही नळीवर बर्फ धरतो.

गॅस जास्त भरणेही तितकेच वाईट. कंडेन्सरमधला दाब चढतो, वीज अधिक जाते आणि न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरून त्याचा घात करतो. आऱ्यात पारा काठोकाठ भरला तर तो सरकणार कुठे, तसाच हा प्रकार. म्हणून जाणकार मेकॅनिक आधी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधतो, जोड दुरुस्त करतो, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओलावा काढतो. कुक्कुटनाडीत हवा राहिली तर धार लागत नाही. येथे हवा राहिली तर दाब विनाकारण चढतो. मग बाहेरच्या यंत्रावरील पट्टीवर लिहिलेले ग्रॅम तराजूवर तोलून, नळ्या लांब असतील तर त्यांची भर धरून, गॅस भरला जातो. या कामाला वेळ लागतो. ऐन उन्हाळ्यात तेवढा वेळ ना गिऱ्हाईक देते ना मेकॅनिक घेतो.

यंत्राध्यायात सगळ्या यंत्रांची वर्णने देताना भास्कराचार्यांनी श्रेष्ठ ठरविले ते धीयंत्र, म्हणजे बुद्धी हेच यंत्र. हातात काठी असली तरी बुद्धिमान मनुष्य तिच्या साहाय्याने उंची, अंतर आणि खोली काढू शकतो, हे त्यांनी गणित मांडून सिद्ध केले. पाऱ्याच्या चाकाबाबत त्यांनी हे यंत्र पुरेसे चालविले नाही, असे म्हणावे लागेल. घटीपात्र अहोरात्र बुडवून मोजणाऱ्या माणसाने ते चाक अहोरात्र फिरवून मोजले असते, तर कदाचित त्या प्रकरणाचा सूर वेगळा झाला असता.

वयाच्या ६९ व्या वर्षी, शके ११०५ म्हणजे सन ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल लिहिले. येथे सिद्धान्ताचा पसारा नाही. रोजचे ग्रहगणित झटपट करता यावे म्हणून सोपी केलेली रीत आहे. तरुणपणी शिरोमणी रचणाऱ्या पंडिताने उतारवयात पंचांगकर्त्याच्या हाती देण्याजोगे पुस्तक करावे, यात त्यांच्या स्वभावाचा वेगळा पैलू दिसतो. पुत्र लक्ष्मीधराला यादवराजा जैत्रपालाने आपला प्रमुख पंडित म्हणून नेले. नातू चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी झाला.

या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातील सोइदेव आणि हेमाडिदेव या भावांनी त्याला उत्पन्न लावून दिले. शके ११२८ चा उल्लेख असलेला तो शिलालेख पाटणच्या भवानीच्या देवळात डॉ. भाऊ दाजी लाड यांना मिळाला आणि १८६५ साली त्यांनी तो विद्वानांपुढे आणला. लेख संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील येतो तेथे भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. कर द्यायचा होता तो बाजारातल्या माणसांनी, आणि त्यांना कळेल अशाच बोलीत तो सांगणे भाग होते. गावात जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला द्यावे, असे त्यात आहे. आणि मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे, अशीही अट आहे.