प्रार्थना आणि आज्ञापालन : संत फ्रान्सिस झेवियर यांचा जीवनमार्ग

दरवर्षी ३ डिसेंबर रोजी आपण संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण साजरा करतो. गोव्याच्या बॉम जीझस बासिलिकेत जाऊन त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेतलेली कितीतरी कुटुंबे आपल्या धर्मग्रामांत आहेत. त्यांचे दीर्घ प्रवास आणि त्यांच्या मध्यस्थीने लाभलेल्या कृपा आपण श्रद्धेने आठवतो. परंतु या महान सुवार्तिकाचे जीवन प्रार्थना आणि आज्ञापालन या दोन खांबांवर उभे होते, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी, आज स्पेनमध्ये असलेल्या नवार प्रांतातील झेवियरच्या गढीत झाला. ते लहान असतानाच कॅस्टिलच्या सैन्याने नवारचे राज्य जिंकले आणि १५१६ साली त्यांच्या गढीचे बुरूज पाडण्यात आले. वडिलांचेही निधन झाले होते. अशा उतरत्या घराण्यातील हा हुशार तरुण १५२५ साली पॅरिसला शिकण्यासाठी गेला. विद्वत्तेच्या बळावर मानाचे पद मिळवावे, हीच त्याची आकांक्षा होती. तेथे पीटर फेबर हे त्यांच्या खोलीत राहत होते. पुढे १५२९ साली इग्नेशियस लोयोला तेथे राहावयास आले. फ्रान्सिस यांनी बराच काळ इग्नेशियस यांना दाद दिली नाही. मात्र हळूहळू त्यांचे हृदयपरिवर्तन झाले.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसजवळील मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी प्रभूला आपले जीवन वाहिले. यरुशलेमला जावयाचे आणि ते शक्य न झाल्यास पोप महोदय पाठवतील तेथे जावयाचे, असे त्यांनी ठरविले. त्यानंतर फ्रान्सिस यांनी इग्नेशियस यांच्या मार्गदर्शनाखाली एकांतात आध्यात्मिक साधना केली. देवाच्या इच्छेपुढे स्वतःची इच्छा रिती करण्यास ते येथे शिकले. १५३७ साली व्हेनिस येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. युद्धामुळे यरुशलेमचा मार्ग बंद झाला आणि हे मित्र रोममध्ये पोप महोदयांच्या सेवेस हजर झाले.

पोर्तुगालचे राजे तिसरे जॉन यांनी भारतासाठी धर्मगुरूंची मागणी केली. त्यासाठी सिमाव रॉड्रिग्ज आणि निकोलस बोबादिया यांची निवड झाली होती. ऐनवेळी बोबादिया आजारी पडले आणि पोर्तुगालचे राजदूत तर निघण्याच्या तयारीत होते. इग्नेशियस स्वतः अंथरुणाला खिळले होते. त्यांनी फ्रान्सिस यांना बोलावून ती जबाबदारी सोपविली. फ्रान्सिस यांनी तत्काळ होकार दिला, आपली जुनी वस्त्रे शिवून घेतली आणि मार्च १५४० मध्ये ते रोमहून निघाले. त्या दोघा मित्रांची या जगात पुन्हा भेट झाली नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. येशूसंघाला पोप तिसरे पॉल यांची अधिकृत मान्यता २७ सप्टेंबर १५४० रोजी, म्हणजे फ्रान्सिस निघून गेल्यानंतर मिळाली. इग्नेशियस हे संघाचे प्रमुख म्हणून १५४१ साली निवडले गेले. नियमाच्या बंधनात येण्याआधीच फ्रान्सिस यांनी मनाने आज्ञा स्वीकारली होती.

६ मे १५४२ रोजी ते गोव्याला पोहोचले. पोप महोदयांनी त्यांना आपला प्रतिनिधी नेमले होते, तरी गोव्याच्या बिशपांपुढे त्यांनी आपली अधिकारपत्रे नम्रपणे ठेवली आणि त्यांच्या संमतीनेच कार्याला आरंभ केला. ते इस्पितळात राहून रुग्णांची सेवा करीत, घंटा वाजवीत रस्त्याने फिरत आणि मुलांना धर्मशिक्षणासाठी जमवीत. त्याच वर्षी ते दक्षिणेकडील मोती काढणाऱ्या परवा लोकांमध्ये गेले. त्यांनी जाणकारांच्या साहाय्याने प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या आणि त्या पाठ केल्या. आजाऱ्यांच्या घरोघरी स्वतः जाणे अशक्य झाले, तेव्हा ते मुलांना प्रार्थना करण्यासाठी तेथे पाठवीत. पुढे त्यांचे पाय आपल्या वसईलाही लागले. मात्र आज्ञापालन म्हणजे सत्तेची खुशामत, असे त्यांनी कधीच मानले नाही. पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लोभाविषयी त्यांनी राजाला स्पष्ट शब्दांत लिहिले.

त्या काळी पूर्वेकडील बेटांतून रोमला पत्र पाठविले, तर उत्तर मिळण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लागे. मग पुढचे पाऊल कोणाला विचारून टाकावयाचे? १५४५ साली हा प्रश्न पडला तेव्हा फ्रान्सिस मैलापूरला संत थॉमस यांच्या कबरीपाशी गेले. तेथे सुमारे चार महिने राहून ते रात्री मंदिरात प्रार्थना करीत असत. देवाची इच्छा मनात स्पष्ट झाल्यावरच ते मलाक्का आणि त्यापलीकडील बेटांकडे निघाले. आपल्या सोबत्यांच्या सह्या पत्रांतून कापून त्यांनी आपल्या व्रतलेखासह गळ्यात बाळगल्या होत्या. इग्नेशियस यांना एक पत्र तर त्यांनी गुडघे टेकून लिहिले. प्रार्थनेमुळेच दूर असलेले वरिष्ठ त्यांना जवळ वाटत होते.

१५ ऑगस्ट १५४९ रोजी ते जपानमध्ये उतरले. तेथे त्यांनी पेरलेल्या श्रद्धेच्या भूमीतच पुढे, १५९७ साली, वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी रक्तसाक्ष दिली. त्यानंतर फ्रान्सिस यांना चीनची ओढ लागली. मलाक्काच्या पोर्तुगीज कप्तानाने त्यांची योजना मोडून काढली, तरीही १५५२ साली ते चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर पोहोचले. त्यांना पलीकडे नेण्याचे वचन देणारा व्यापारी आलाच नाही. ३ डिसेंबर १५५२ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, एका झोपडीत त्यांनी प्राण सोडला. त्या वेळी अँटोनियो हा चिनी ख्रिस्ती तरुण त्यांच्याजवळ होता.

यानंतर जवळजवळ सात महिन्यांनी, २८ जून १५५३ रोजी, इग्नेशियस यांनी फ्रान्सिस यांना युरोपात परतण्याची आज्ञा करणारे पत्र लिहिले. आपला मित्र प्रभूकडे गेला आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. जिवंत असते तर फ्रान्सिस यांना चीनचे स्वप्न सोडून परत फिरावे लागले असते. ज्यांनी एका रात्रीत रोम सोडले, ते चीनच्या दारातूनही परतले असते, याविषयी आम्हांला शंका वाटत नाही.

१२ मार्च १६२२ रोजी इग्नेशियस आणि फ्रान्सिस हे दोघे एकाच दिवशी संत म्हणून घोषित झाले. १९२७ साली पोप अकरावे पायस यांनी फ्रान्सिस यांच्यासमवेत लिझ्यूच्या संत तेरेजा यांना मिशनकार्याचे आश्रयदाते केले. एकाने समुद्र ओलांडले, तर दुसरीने मठाच्या भिंतींआड प्रार्थना केली. दोघांनीही आज्ञा पाळली.

आपण प्रार्थना करतो तेव्हा पुष्कळदा आपली योजना आधीच ठरलेली असते आणि देवाने तिला केवळ संमती द्यावी, अशी आपली अपेक्षा असते. घरातील वृद्ध आईवडिलांची सेवा, मनाविरुद्ध झालेली बदली किंवा धर्मग्रामात वाट्याला आलेले लहानसे काम, ही आपल्याला नकोशी वाटतात. कदाचित तीच आपल्यासाठी आलेली आज्ञा असेल. ती ओळखण्याची दृष्टी प्रार्थनेने मिळते आणि ती पाळल्यावर प्रार्थना खरी ठरते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मध्यस्थीने ही कृपा आपणां सर्वांना लाभो.