आरशासमोरची चाळीस वर्षे

व्हिडिओ कॉल सुरू असताना समोरच्या माणसापेक्षा पडद्याच्या कोपऱ्यातील स्वतःच्याच चौकटीकडे नजर वारंवार वळते. २०२० नंतर घरून काम करणाऱ्या अनेकांनी हा अनुभव घेतला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये अशा बैठकांमुळे येणाऱ्या थकव्याची कारणे मांडली, तेव्हा सतत आपलाच चेहरा दिसत राहणे हे त्यांपैकी एक होते. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रँट याने मात्र स्वतःचा चेहरा सुमारे चाळीस वर्षे न्याहाळला आणि चितारला.

रेम्ब्रँटचा जन्म १५ जुलै १६०६ रोजी लायडेन येथे एका पिठाच्या गिरणीवाल्याच्या घरी झाला. विशीत त्याने स्वतःलाच मॉडेल केले. मॉडेलला पैसे द्यावे लागत. आरशातला माणूस फुकट मिळत असे. १६३० मधील छोट्या अम्लरेखनांत तो डोळे विस्फारतो, तोंड वासतो, कपाळाला आठ्या घालतो. भय, विस्मय, राग चेहऱ्यावर कसे उमटतात, याचा तो अभ्यास होता.

पुढे तो ॲमस्टरडॅमला आला. १६३२ मधील ‘डॉ. टुल्प यांचा शरीररचनेचा पाठ’ या चित्राने त्याचे नाव झाले. १६३४ मध्ये सधन घरातील सास्कियाशी त्याचा विवाह झाला आणि १६३९ मध्ये त्याने १३ हजार गिल्डरचे मोठे घर घेतले. १६४० च्या आत्मचित्रात उंची वस्त्रे ल्यालेला, कठड्यावर हात टेकून ऐटीत बसलेला चौतीस वर्षांचा यशस्वी पुरुष दिसतो. नामवंत चित्रकाराने काढलेल्या स्वतःच्याच चित्राला तेव्हा संग्राहकांकडून मागणी असे, हेही या चित्रांमागचे एक कारण होते.

सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. तीन अपत्ये तान्हेपणीच गेली. टायटस हा मुलगा तेवढा जगला. ‘नाइट वॉच’ पूर्ण झाले त्याच वर्षी, १६४२ मध्ये, सास्कियाचा मृत्यू झाला. घराचे कर्ज फिटेना. १६५६ मध्ये रेम्ब्रँट दिवाळखोर ठरला. त्याच्या मालमत्तेच्या यादीत ३६३ नोंदी होत्या. चित्रे, शिल्पे, शस्त्रे असे सारे विकले गेले, पाठोपाठ घरही गेले. टायटसने आबनुसी चौकटीचा एक आरसा विकत घेतला होता. तोही घरी नेताना वाटेत फुटला. याच सुमारास रेम्ब्रँट मोगल लघुचित्रांवरून रेखाटने करीत होता, हे भारतीयांनी आवर्जून ध्यानात घ्यावे.

पडझडीच्या या काळातही त्याने आत्मचित्रे थांबविली नाहीत. सैल पडलेली कातडी, फुगीर नाक, डोळ्यांखालच्या सुरकुत्या त्याने झाकल्या नाहीत. लंडनच्या केनवुड हाऊसमधील प्रसिद्ध आत्मचित्राच्या क्ष-किरण तपासणीत एक गंमत आढळली. आरशात दिसतात तसेच कुंचले त्याने आधी उलट हातात रंगविले होते आणि नंतर ते दुसऱ्या हातात दिले. व्हिडिओ कॉलमध्येही बहुधा आपल्याला आपली आरशातल्यासारखी उलटी प्रतिमा दिसते, समोरच्याला मात्र सुलटी. जगाला आपण कसे दिसतो, ते आरशातून कळत नाही; त्यासाठी दुरुस्ती करावी लागते.

१६६३ मध्ये त्याची सहचारिणी हेन्ड्रिक्ये गेली. १६६८ मध्ये, विवाहानंतर काही महिन्यांतच, टायटसही गेला. त्यानंतरच्या वर्षी त्रेसष्ट वर्षांच्या रेम्ब्रँटने पुन्हा स्वतःला रंगविले. हात जुळवून बसलेला तो वृद्ध आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत पाहता येतो. त्याच्या नजरेत तक्रार नाही आणि आविर्भावही नाही.

४ ऑक्टोबर १६६९ रोजी रेम्ब्रँट निवर्तला. ॲमस्टरडॅमच्या वेस्टरकेर्क या चर्चमध्ये भाड्याच्या, नावाचा दगडही नसलेल्या थडग्यात त्याला पुरण्यात आले. त्याची रंगचित्रे, अम्लरेखने व रेखाटने मिळून सुमारे ऐंशी आत्मचित्रे मागे उरली. त्यांतील पहिली आणि शेवटची शेजारी ठेवून पाहिली, तर वय लपविण्याचा खटाटोप न करता स्वतःकडे कसे पाहावे, हे समजते.