चहाचा पेला

उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी चालते. भात चालत नाही. वरीचे तांदूळ मात्र चालतात. नावात तांदूळ असूनही त्यांना कोणी अडवीत नाही. बटाटा आणि मिरची ही तर समुद्रापलीकडून आलेली. तरी त्यांनी फराळाच्या पानात केव्हाच जागा मिळविली. कशाला जेवण म्हणावे आणि कशाला फराळ, याविषयी घरोघर आजीचा शब्द अखेरचा असतो. नातवंडांनी कितीही शंका काढल्या, तरी तो वाद हसण्यावारी जातो. परंतु १८९० साली पुणे शहरात असाच एक वाद उत्पन्न झाला आणि तो काही हसण्यावारी गेला नाही. वादाचा विषय होता चहा आणि बिस्किटे. त्या वादात जी मोठमोठी माणसे सापडली, त्यांत महादेव गोविंद रानडे हे एक होते.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव सरकारी नोकरीत होते. पुढे ते कोल्हापुरास गेले आणि माधवरावांचे बालपण तेथेच गेले. लहानपणी हा मुलगा अबोल आणि काहीसा मंद वाटे. त्याची एक गोष्ट सांगतात. एके दिवशी खेळावयास कोणीच सोबती मिळेना, तेव्हा त्याने घरातील खांबालाच भिडू केले आणि सोंगट्यांचा डाव मांडला. एका हाताने तो स्वतःचे दान टाकी, दुसऱ्या हाताने खांबाचे. डाव संपला तेव्हा खांब जिंकला होता. पाहणारे हसले, पण मुलाने आपली हार मुकाट्याने मान्य केली. खांबाचे दान त्याने खोटे टाकले नव्हते. पुढे हा मुलगा न्यायाधीश झाला, यात नवल नाही!

मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत त्यांचे शिक्षण झाले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना होते. डोळे अधू असूनही त्यांचे वाचन अफाट होते. स्वतःला वाचणे अशक्य होई तेव्हा ते दुसऱ्याकडून वाचून घेत. १८७१ साली ते न्यायाधीश म्हणून पुण्यास आले आणि थोड्याच काळात तेथील बहुतेक सार्वजनिक कामे त्यांच्या सल्ल्याने चालू लागली. सार्वजनिक सभा, प्रार्थनासमाज, विधवाविवाहाची चळवळ, देशी उद्योगधंद्यांना उत्तेजन, असे एकही क्षेत्र त्यांनी वगळले नाही.

तथापि, समाजापुढे चालणाऱ्या या पुरुषाला घरात वडिलांचा शब्द मोडता येत नसे. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता आता विधवेशीच विवाह करील, अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांनी मात्र अकरा वर्षांच्या एका कुमारिकेशी लग्न ठरविले. माधवरावांनी विनवण्या केल्या. अखेर ते वडिलांपुढे नमले. लोकांनी नावे ठेवली, आणि ती अगदीच अकारण होती असे म्हणता येणार नाही. त्या मुलीला माधवरावांनी स्वतः अक्षरे शिकविली, घरातील बायकांचा रोष पत्करून शिकविली. त्याच रमाबाई रानडे.

आता चहाची हकीकत. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने बरीच प्रतिष्ठित मंडळी जमली होती. रानडे होते, बळवंतराव टिळक होते, गोपाळराव गोखलेही होते. कार्यक्रम आटोपल्यावर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. कोणी चहा प्यायले, कोणी घोटभर घेतला, कोणी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हाती घेऊन तसाच खाली ठेवला. सारे आपापल्या घरी गेले. परंतु या मंडळींत गोपाळराव जोशी नावाचे एक विक्षिप्त गृहस्थ होते. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे हे पती. गंमत पाहण्याची त्यांना मोठी हौस! त्यांनी चहापानाची हकीकत हजर असलेल्यांच्या नावांनिशी ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली. कोण प्यायला आणि कोणी नुसता पेला धरला, हा भेद मागे पडला. नाव छापले गेले, तो दोषी ठरला.

शहरात एकच खळबळ उडाली. त्या काळच्या रूढीप्रमाणे फळे किंवा सुका मेवा कोणाच्याही हातचा घेण्यास फारशी हरकत नसे. पाण्यात शिजविलेले अन्न मात्र परधर्मीयाच्या हातचे मुळीच चालत नसे. आता चहा कोणत्या सदरात घालावा? ते अन्न नव्हे. परंतु पाणी तर खरेच, आणि तेही परक्याच्या हाताने उकळलेले. बिस्किटाचे काय? ते कोरडे, कुरकुरीत, खाऊसारखे. पण त्याचे पीठ मळताना पाणी पडलेच असणार! पाव खाल्ल्याने माणूस बाटतो, ही समजूत तेव्हा घट्ट होती, आणि बिस्किट हे पावाचेच भावंड. ज्या आगगाडीत शेजारी कोण बसले आहे हे विचारण्याची सोय नव्हती, त्या आगगाडीने प्रवास करणारी माणसेच हा खल करीत होती, हे आज वाचताना मौज वाटते.

मौज तेवढ्यावरच थांबली. सनातनी पक्षाने शंकराचार्यांकडे फिर्याद नेली. चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले. टिळकांनी धर्मशास्त्राचाच आधार घेऊन आपली बाजू मांडली आणि आपण काशीस प्रायश्चित्त घेतले असल्याचे सांगितले. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले नाही. ज्यांनी ते घेतले नाही, त्यांच्यावर बहिष्कार पडला. यालाच ग्रामण्य म्हणत. श्राद्धपक्षास भटजी मिळेना, पंक्तीला कोणी बोलावीना, मुलामुलींच्या सोयरिकी अडू लागल्या. रानड्यांसारख्या मोठ्या अधिकाऱ्याला याची झळ थोडीच लागली. परंतु त्यांच्या बरोबरच्या साध्या स्थितीतील मंडळींची घरे दुःखी झाली. चहा मुलांनी घेतला होता आणि शिक्षा त्यांचे वृद्ध आईबाप भोगीत होते.

१८९२ सालच्या उन्हाळ्यात रानडे कुटुंबासह लोणावळ्यास राहिले होते. बोरघाटाच्या माथ्यावरील ही जागा १८६३ साली घाटातील लोहमार्ग पुरा झाल्यापासून मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांच्या सोयीची झाली होती. मे महिन्यात पुणे तापलेले असताना येथे वाऱ्याची झुळूक असते आणि रानातील जाळ्यांवर करवंदे काळी होऊ लागतात. अशा निवांत जागी पुण्याचे स्नेही येऊन पोहोचले. त्यांनी आपल्या घरातील कष्ट सांगितले. प्रायश्चित्त घेऊन मोकळे व्हावे असे त्यांना वाटत होते. पण रानड्यांना एकटे सोडून पुढे होणे त्यांना प्रशस्त वाटेना. रानड्यांनी घेतले तर त्यांचीही सुटका होणार होती.

रानड्यांनी विचार केला. चहा पिणे हे पाप आहे, असे त्यांना वाटत नव्हते. प्रायश्चित्त घ्यावे तर जे पाप नाही ते पाप म्हणून कबूल केल्यासारखे होणार. न घ्यावे तर आपल्या मानासाठी मित्रांच्या वृद्ध आईबापांना रडत ठेवावे लागणार. शेकडो दावे निकालात काढणाऱ्या न्यायाधीशापुढे हा दावा आला, आणि यात आरोपीही तेच होते. त्यांनी जाण्याचे ठरविले.

लोणावळ्याहून पुणे आगगाडीने सुमारे ६४ किलोमीटर. वाट सारी मावळातून, इंद्रायणीच्या खोऱ्यातून जाते. एका अंगास लोहगड आणि विसापूर उभे. पुढे वडगाव, जेथे १७७९ साली मराठ्यांनी इंग्रज फौजेला शरण आणले. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर पुढे ज्यांनी ग्रंथ लिहिला, ते रानडे त्या दिवशी या मुलखातून चालले होते ते मात्र मान तुकविण्यासाठी. पुण्यास त्यांनी मित्रांबरोबर विधिपूर्वक प्रायश्चित्त घेतले आणि ते लोणावळ्यास परतले.

टीका दोन्ही बाजूंनी झाली. सनातन्यांना हा पश्चात्ताप खरा वाटला नाही, आणि सुधारकांना आपला पुढारी कच खाल्ला असे वाटले. सुधारकांचे म्हणणे सहज झटकून टाकण्याजोगे नव्हते. पुढारीच वाकला तर मागून येणाऱ्यांनी कोणाकडे पाहावे? रमाबाईंनाही पतीचे हे करणे रुचले नाही. रानड्यांनी कोणाशी भांडण केले नाही. मित्रांची घरे पुन्हा नांदती झाली, एवढे त्यांना पुरेसे होते.

पुढच्याच वर्षी, १८९३ साली, ते मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. त्यांचा मराठ्यांच्या सत्तेवरील ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला आणि १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. रमाबाईंनी पुढे पुण्यास सेवासदन उभारून शेकडो स्त्रियांना शिक्षण दिले. १९१० साली त्यांनी पतीच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात लोणावळ्याची ही हकीकत आहे. आपल्याला न रुचलेली गोष्ट म्हणून त्यांनी ती गाळली नाही.